भोंगा कुणासाठी वाजत होता

“हे मला दे. तू हे वाच. हे तुमचं आहे.”

एवढं बोलून मॅडमनी माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि त्याच हातात दुसरं ठेवलं. स्टेजच्या बाजूला, पडद्याआड, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळतीपाशी. मी तोंड उघडायच्या आत त्या पुढे गेल्यासुद्धा. पाहुण्यांना गुलाबाची फुलं दिली का, ते बघायला.

डोंबिवली पूर्वेचा हॉल. फेब्रुवारीतला रविवार. कार्यक्रमाचं नाव ‘माझं गाव, माझं पुस्तक’. आपण जिथे वाढलो ती जागा ज्या पुस्तकात पुन्हा भेटते, ते पुस्तक आणायचं आणि त्यातली दोन पानं वाचायची. बोलावणं मॅडमचंच. मी आठवडाभर घरी कपाटाच्या आरशासमोर उभी राहून ती दोन पानं वाचत होते. आईची मोरपंखी साडी नेसले होते. ब्लाऊज दंडात घट्ट होत होता, तरी तोच घातला.

आता हातात वेगळंच पुस्तक.

ओळखीचं होतं ते. मराठवाड्यातल्या माणसाचं आत्मकथन. गावकुसाबाहेरची वस्ती, दुष्काळ, शिळ्या भाकरीसाठी दारोदार. कॉलेजात असताना वाचलं तेव्हा जेवण गेलं नव्हतं मला. त्या पुस्तकाबद्दल माझ्या तोंडून वावगा शब्द निघणार नाही. त्या माणसाने जे सोसलं आणि सांगितलं, त्याच्या जोरावर माझ्यासारख्या मुली शाळेत गेल्या. पण ते गाव मी पाहिलेलं नाही. मराठवाड्यात मी आयुष्यात एकदा गेलेय, चुलत भावाच्या लग्नाला, आणि वऱ्हाडाबरोबर परतही आले. मी वाढले मोहन्याला. कल्याणच्या पुढे, आंबिवलीला उतरायचं आणि नदीकडे चालत सुटायचं. रेयॉनची कंपनी होती तिथे. तिच्या भिंतीला लागून आमची चाळ.

मॅडम मला पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणतात. त्या दिवशी पहिल्यांदा ‘तुमचं’ म्हणाल्या.

मॅडमची ओळख कशी झाली तेही सांगते. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, मग लॅबमध्ये बसायचं. मॅडमच्या मिस्टरांना शुगर आहे. त्यांची नस पटकन सापडत नाही. लॅबमधल्या इतरांनी दोन-तीनदा टोचून टोचून त्यांचा दंड निळा केला होता. मी गेले आणि एका सुईत काम झालं. तेव्हापासून “त्या मुलीलाच पाठवा” असं सुरू झालं. मुलगी कसली, माझा मुलगा नववीत आहे.

एकदा रक्त घेऊन झाल्यावर दंडाचा पट्टा पिशवीत ठेवताना त्यातून पुस्तक खाली पडलं. मॅडमनी उचललं. मराठीच्या प्राध्यापक होत्या त्या, निवृत्त. घरात भिंतभर पुस्तकं.

“अय्या! तू वाचतेस?”

मी म्हटलं, “हो, वाचते की.”

“अहो, बघितलंत का? ही वाचते.” हे मिस्टरांना, आतल्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. ते तर समोरच बसले होते, दंडावर कापूस दाबून. मांजराने शीळ घातली असती तर बाई अशाच बोलल्या असत्या. मी बाटल्यांना लेबलं लावली आणि निघाले.

पण राग धरला नाही. खोटं कशाला सांगू, बरंच वाटलं होतं. पुस्तकांबद्दल बोलायला कुणी नव्हतं मला. लॅबमध्ये सीरियल आणि सासू. मॅडम चहा द्यायच्या, विचारायच्या, नवं काय वाचलंस? चहाचा कप माझा वेगळा असायचा का, हे मी बघायचं टाळलं. बघितलं की मग बघत राहावं लागतं.

त्या दिवशी जे पुस्तक पडलं, तेच त्यांनी स्टेजमागे काढून घेतलं. हिरव्या कव्हरचं. कल्याणच्या एका जुन्या लेखकाचं लहानपण आहे त्यात. लेखक आता नाहीत. शहाडच्या बाजूला नदीकाठी त्यांच्या काकांचं घर होतं, सुट्टीत ते तिथे राहायला यायचे. त्या दिवसांच्या आठवणी.

हे पुस्तक माझं कोण लागतं, ते कळायला शाळेतलं सांगायला हवं.

आठवीत पप्पांनी मला कल्याणच्या शाळेत घातलं. चांगली शाळा म्हणून. कंपनीला एक वास होता. कुजक्या अंड्यांसारखा. आम्हाला तो येतच नसे, कारण आम्ही त्यातच जन्मलो. कपड्यांना असायचा, केसांना असायचा, डब्यातल्या पोळीला असायचा. वर्गात गेले की पुढच्या बाकावरच्या मुली रुमाल नाकाला लावायच्या. एक जण हळूच म्हणायची, “आला भोंगा.” मग सगळ्या खुदखुदायच्या. बाईंना ऐकू जायचं. बाई फळ्याकडे बघायच्या.

मी अंघोळ दोनदा करायला लागले. आईचं खोबरेल सोडलं, पावडर फासायला लागले. वास काही जाईना. एकदा डबा शाळेच्या मागच्या गटारात ओतला आणि उपाशी बसले. घरी आईने विचारलं, भाजी आवडली का? मी हो म्हटलं.

त्याच वर्षी कल्याणच्या वाचनालयात ते हिरवं पुस्तक हाताला लागलं. उघडलं तर मधल्याच पानावर छापलेलं, ‘मोहन्याच्या कंपनीचा भोंगा झाला की काकू चहाचं आधण ठेवायची.’ मोहन्याच्या! मी तो शब्द बोटाने दाबून धरला. आमचं नाव पुस्तकात. तोवर मला वाटायचं पुस्तकात पुणं असतं, कोकण असतं. फार तर दादर. आम्ही नसतो.

आणि पुढे वास. लेखकाने लिहिलं होतं, ‘वारा फिरला की कंपनीचा तो वास यायचा. आजही कुठे तसा वास आला की मला घरी आल्यासारखं वाटतं.’

मी ते पान तिथेच उभ्याने पुन्हा पुन्हा वाचलं. एवढा मोठा लेखक. कल्याणचा. सोन्यासारख्या आडनावाचा. आणि त्याला आमचा वास घरासारखा वाटतो! दुसऱ्या दिवशी रुमाल नाकाला लागले तेव्हा मी मनात ते वाक्य म्हटलं. रडू आलं नाही. वर्षभर मी ते वाक्य म्हणत शाळेत गेले.

घरी आणून पप्पांना दाखवलं. पप्पा कंपनीत सूतखात्यात. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला, पान लांब धरून वाचलं. म्हणाले, “ह्याच भोंग्यावर निघायचो मी पहिल्या पाळीला.” मग आईला ओरडून, “ऐकलंस का? आपला भोंगा छापलाय.” आईने पीठ मळता मळता विचारलं, “का? काय केलं त्याने?” तिला वाटलं, पेपरात आलंय काहीतरी. बंद होणार वगैरे.

बंद पुढे झालीच कंपनी. तो भाग सांगत नाही, सगळ्यांना माहीत आहे बंद कंपन्यांचं काय होतं. पप्पा गेले. वास गेला. मला तो पहिल्यांदा आठवायला लागला तो गेल्यावरच. नोकरी लागल्यावर ठाण्याला फुटपाथवर हे पुस्तक जुन्यात मिळालं, तेव्हापासून माझ्या पिशवीत असतं. कंपनीचा भोंगा, भिंत, नदी, सगळं आता फक्त त्या पुस्तकात आहे. त्या हॉलमध्ये मला ते वासाचं पान वाचायचं होतं. मोठ्याने. माइकवर. डोंबिवली-कल्याणच्या त्या सगळ्या रुमालवाल्यांसमोर सांगायचं होतं की हा वास माझ्या घराचा आहे, आणि बघा, तुमच्याच लेखकाने तसं लिहून ठेवलंय.

तर ते पान गेलं मॅडमकडे.

मी खाली खुर्चीत येऊन बसले. सूत्रसंचालन एक तरुण मुलगा करत होता, झब्ब्यातला. एकेकाला बोलवायचा. “आता येतायत ठाण्याचे, तलावपाळीच्या काठावर वाढलेले...” टाळ्या. “आता वसईच्या, वाडीत विहिरीवर पोहायला शिकलेल्या...” त्या वसईच्या ख्रिस्ती बाई होत्या, त्यांनी त्यांच्या बोलीतलं वाचलं. फार गोड वाचलं. मी पण टाळ्या वाजवल्या. मग “आपल्या सर्वांच्या लाडक्या, डोंबिवलीच्या...” म्हणत मॅडमना बोलावलं.

मॅडमनी माझं हिरवं पुस्तक उघडलं.

इथे मला आमच्या विहाराबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे वर्षावास असतो. रोज संध्याकाळी वंदना झाली की ग्रंथ वाचायचा. एकाने मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी सतरंजीवर बसून ऐकायचा. लग्न होईपर्यंत तो वाचायचं काम माझ्याकडे होतं. आणि आमच्या विहाराची एक रीत आहे. ऐकणाऱ्याला कळलं नाही, पटलं नाही किंवा काळजाला लागलं, तर त्याने हात वर करायचा आणि म्हणायचं, “थांब. परत वाच.” वाचणाऱ्याने थांबायचंच. तोंड वेडंवाकडं करायचं नाही. परत वाचायचं, मग त्यावर बोलायचं, मग पुढे जायचं. सुमन मावशी, आमच्या शेजारची, तिला अक्षरओळख नाही. पण सगळ्यात जास्त थांबवायची तीच. कधी कधी एका पानाला संध्याकाळ जायची. मी लहान होते, चिडायचे. मावशी म्हणायची, “तुझे डोळे पळतात गं. माझे कान नाय पळत.”

तर मॅडम वाचत होत्या. सुंदर वाचतात, कबूल करायला हवं. भोंग्याचं आणि आधणाचं वाक्य झालं. वासाचं पान त्यांनी वगळलं. मुद्दाम की कसं, माहीत नाही. आवळीभोजनावर आल्या. कार्तिकात लेखकाचं सगळं कुटुंब नदीकाठी आवळ्याच्या झाडाखाली जेवायला जायचं, तो प्रसंग. मसालेभात, जिलब्या, केळीची पानं. आणि मग हे:

‘समोर संथ पाणी. पलीकडच्या काठावर तेव्हा कुणीच राहत नव्हतं. नुसतं लव्हाळं, पांढरे बगळे, आणि मधूनच कंपनीचा भोंगा.’

माझा हात वर गेला.

“थांबा. परत वाचा.”

हे मी ठरवून केलं नाही. देवाशप्पथ म्हणायची आमच्यात पद्धत नाही, पण खरंच ठरवून केलं नाही. अंगातली सवय. ऐकताना काही लागलं की हात वर. मी विहारात बसलेय असंच झालं मला क्षणभर. सगळा हॉल मागे वळून बघायला लागला तेव्हा कळलं की मी कुठे बसलेय.

मॅडम गोंधळल्या. मग हसल्या. त्यांना वाटलं मला फार आवडलं. गाण्यात वन्स मोअर देतात तसं. त्यांनी परत वाचलं, आणखी रंगून. ‘पलीकडच्या काठावर तेव्हा कुणीच राहत नव्हतं.’

पलीकडचा काठ म्हणजे आम्ही. आई त्या काठावर जन्मली. आजोबा नाशिककडून येऊन त्या कंपनीत लागले, चाळ तेव्हाची. मी हे पुस्तक किती वेळा वाचलं त्याला गणती नाही. आणि दर वेळी माझे डोळे त्या वाक्यावरून पळाले होते. वास दिसला, भोंगा दिसला, मोहने दिसलं. आपण नाही आहोत हे दिसलं नाही. दुसऱ्याच्या आवाजात कानावर पडलं तेव्हा दिसलं.

मी उभी राहिले. म्हटलं, “मॅडम, कुणीच राहत नव्हतं, तर मग भोंगा कुणासाठी वाजत होता?”

मॅडमनी पुस्तकातून डोकं वर काढलं.

“म्हणजे?” मॅडम म्हणाल्या.

“कंपनीचा भोंगा पाळीसाठी वाजतो. माणसं कामावर यावीत म्हणून. पलीकडे माणसंच नव्हती, तर वाजवत कशाला होते? माझी आई राहायची तिथे. आजी राहायची.”

मॅडमनी चष्मा काढला. शाळेतल्या बाई काढायच्या तसाच. म्हणाल्या, “अगं, हे ललित लेखन आहे. खानेसुमारी नाही.”

हॉल हसला. सगळा. वसईच्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत, त्या माझ्याकडे बघत होत्या. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ मागे वळून, समजूत घालत म्हणाले, “लेखकाच्या भावविश्वात तिथे कुणी नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.”

मनाला लावून घेऊ नका. मी तर तेच म्हणत होते, की त्यांच्या भावविश्वात आम्ही नव्हतो. ते गृहस्थ माझंच वाक्य मला औषधासारखं परत देत होते. मी खाली बसले. कान तापले होते. आठवीच्या वर्गात तापायचे तसेच. एवढी वर्षं झाली, रक्त काढायला शिकले, घर चालवलं, मुलगा वाढवला, आणि कान तसेच तापतात याचीच जास्त चीड आली.

मॅडमनी उरलेलं वाचून संपवलं. टाळ्या. मग तो झब्ब्यातला मुलगा माइकपाशी आला, आवाज बारीक करून म्हणाला, “आणि आता, वंचितांच्या जगातून एक आवाज...”

माझं नाव घेतलं.

बाकी सगळ्यांना गाव होतं. ठाणे, वसई, डोंबिवली. कार्यक्रमच गावाचा होता. मला गाव नव्हतं, जग होतं. वंचितांचं. ते कुठल्या स्टेशनला उतरल्यावर येतं, त्या मुलाला विचारायला हवं होतं.

मी स्टेजवर गेले. दिलेलं पुस्तक हातात होतं. माइक माझ्यापेक्षा उंच होता, मी खाली ओढला. म्हटलं, “जयभीम. मी मोहन्याची. तिथेच जन्मले, तिथेच वाढले. माझं पुस्तक मॅडमच्या हातात आहे. ते द्या, मी वाचते.”

मॅडम पहिल्या रांगेतून हसत म्हणाल्या, “अगं, ते वाचून झालं ना आत्ता! तू ते वाच. ते किती अस्सल आहे.”

“हे थोर पुस्तक आहे. पण हे माझं गाव नाही.”

“गाव म्हणजे काय फक्त नकाशा असतो का?” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या लोकांची वेदना...”

तो मुलगा जवळ येऊन कुजबुजला, “ताई, वेळ कमी आहे. एक पॅरेग्राफ वाचा ना, कुठलाही. लोक वाट बघतायत.”

लोक खरंच वाट बघत होते. मला दिसत होतं ते. भाकरीचा प्रसंग येईल, जनावराचा येईल, आपल्याला गलबलून येईल, मग चहा. वाचला असता मी तर फार टाळ्या पडल्या असत्या. मॅडमच्या डोळ्यांत पाणीही आलं असतं, आणि ते खोटं नसतं. तेच तर. त्यांना माझ्यासाठी रडायची तयारी होती. मी त्यांच्या नदीच्या समोरच्या काठावर राहत होते, एवढं साधं ऐकून घ्यायची नव्हती.

ते पुस्तक मी टेबलावर नीट ठेवलं. दोन्ही हातांनी. त्याचा काय दोष? आणि माइकवर म्हटलं, “मी वाचणार नाही.”

खाली उतरले. कुणीतरी सवयीने टाळी वाजवली आणि एकटंच पडल्यावर थांबवली.

आठवड्याने मॅडमचा मेसेज आला. ‘तुझं पुस्तक माझ्याकडेच राहिलं. यांची शुगर पण करायची आहे. ये तेव्हा घेऊन जा. रागावलीस का?’ पुढे हसरा चेहरा.

गेले. नोकरी आहे. मिस्टरांच्या दंडाला पट्टा बांधला, नस शोधली, एका सुईत काम केलं. मॅडमनी पुस्तक आणून दिलं. मी चाळलं. जागोजाग पेन्सिलीच्या खुणा. माझ्या पुस्तकावर. वासाच्या पानावर समासात लिहिलं होतं, ‘सुंदर!’ म्हणजे वाचलं होतं ते पान. वाचून वगळलं होतं. आवळीभोजनाच्या वाक्याखाली काहीच नव्हतं. एवढं सगळं होऊनही पेन्सिल तिथे थांबली नव्हती.

“मला वाईट वाटलं हं,” मॅडम म्हणाल्या. “चारचौघांत असं. मी तुला व्यासपीठ दिलं.”

“पुस्तक काढून घेऊन दिलंत.”

“अगं, तुझ्या भल्यासाठीच. ते नदीचं वगैरे सगळेच वाचतात. तू वेगळं काही सांगू शकली असतीस.” मग जरा थांबून, आवाज मऊ करून म्हणाल्या, “आम्ही ठरवतोय, तुमच्या वस्तीत एक वाचन चळवळ सुरू करायची. मोहन्यालाच. तू मदत करशील?”

मी बाटल्या डब्यात ठेवल्या. म्हटलं, “मोहन्याला वाचन आहे, मॅडम. माझ्या आजीपासून आहे. तुम्ही या. पण वाचायला नाही, ऐकायला. खाली सतरंजीवर बसावं लागतं. आणि कुणी ‘थांब’ म्हटलं की थांबावं लागतं.”

“खाली? माझे गुडघे गं...”

“खुर्ची देऊ. ऐकायची तयारी आहे का, तेवढं सांगा.”

त्यांनी चहाचं विचारलं. मी नको म्हटलं. पहिल्यांदाच. मिस्टर दंडावर कापूस दाबून माझ्याकडे बघत होते, त्यांनी मान हलवली. होकाराची की निरोपाची, मला कळलं नाही.

त्या रविवारी मोहन्याला गेले. विहारात वंदना झाल्यावर बायका बसल्याच होत्या. आई होती. सुमन मावशी भिंतीला टेकून होती, तिला आता नीट बसवत नाही. मी हिरवं पुस्तक काढलं आणि आवळीभोजन वाचलं. चाल न लावता. ‘पलीकडच्या काठावर तेव्हा कुणीच राहत नव्हतं.’

मावशीचा हात वर. “थांब. परत वाच.”

परत वाचलं.

“नव्हतं कसं?” मावशी म्हणाली. “आम्ही धुणं धुवायचो की समोर. मी, तुझी आई, सगळ्या. ते जेवायला बसायचे ते आम्हाला दिसायचे. जेवून झालं की उष्टी पानं पाण्यात सोडायचे. वाहत वाहत आमच्या काठाला लागायची. तुझी आजी काठीने ढकलायची पुढे. आम्हाला ते दिसत होते, मग आम्ही त्यांना दिसत नव्हतो का?”

आईने माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं. मग म्हणाली, “फाडून टाक ते पुस्तक.”

“नाही फाडणार.”

“का? काय ठेवलंय त्यात? तू लहानपणी वाचनालयातून आणून त्याला उशाशी घेऊन झोपायचीस. माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी.”

काय सांगू तिला? की त्यात पप्पांचा भोंगा आहे. की त्यातला वास माझा आहे. की त्या एका वाक्यावर मी आठवी काढली. आणि त्याच पुस्तकाने मला पुसलंय. फाडलं तर माझंच फाटतं. जपलं तर मीच त्यात नाही. याचा काय न्याय करायचा ते मला अजून कळलेलं नाही, आणि कळत नाही म्हणून फार चिडचिड होते. त्या लेखकावर, मॅडमवर, त्या हसणाऱ्या हॉलवर. वीस-बावीस वर्षं पळालेल्या माझ्या डोळ्यांवर पण.

परतताना नदीवरून आले. कंपनीच्या जागेपाशी आता बिल्डरचे बोर्ड आहेत. त्यांवर झाडं, पाणी, पांढरे बगळे रंगवलेत. ‘अस्पर्श निसर्गाच्या कुशीत’ असं लिहिलंय. उद्या तिथे राहायला येणारे पण असंच सांगतील, इथे आधी कुणीच नव्हतं. त्यांनाही कुणीतरी ते छान छापून देईल.

आत्मकथन लिही, असं मला आता दोघं-तिघं म्हणाले. मॅडमसुद्धा. लिहीन किंवा नाही लिहिणार, ते माझं मी बघेन. पण माझं वेगळं पुस्तक वेगळ्या कपाटात ठेवून त्यांचं पुस्तक तसंच्या तसं वाचत राहायचं, ही सोय मी कुणाला करून देणार नाही. नदी एकच आहे. ते पुस्तक त्यांचं जेवढं, तेवढं माझं.

म्हणून ठरवलंय. यापुढे कुणी मला वाचायला बोलावलं, तर जाणार. कुठेही. दुसरं पुस्तक हातात दिलं, तर घेणार नाही. हेच हिरवं नेणार. आधी वासाचं पान वाचणार, कारण ते माझं आहे. मग आवळीभोजन. त्या वाक्यापाशी आले की मी थांबणार आणि परत वाचणार. लोक हसले तरी परत वाचणार. वेळ संपला म्हणाले तरी. समोरच्या खुर्च्यांतून एक हात वर होऊन कुणीतरी स्वतःहून विचारेपर्यंत, की भोंगा कुणासाठी वाजत होता.

तोवर मी पान उलटणार नाही.